सात नंबर रिकामा का ठेवलात, अण्णा?

अण्णा, ही काय जायची वेळ होती? नवा प्रोग्राम चालू व्हायला दहा दिवस उरलेले, माझा एक प्रश्न तसाच पडलेला, आणि तुम्ही खुशाल निघून गेलात. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलंही नसेल. तुम्हाला कळलं नसेल हो. इथे माझं काय?

आज तुमचं तेरावं. दुपारी तुमच्या घरी वैनीकडे जेवायला जायचंय. तोवर कामात लक्ष लागत नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय. तेही देवनागरीत, म्हणजे तुम्हाला वाचता आलं नसतंच. आपण तंजावूरचे मराठी, बोलायला मराठी आणि लिहायला तमिळ. शाळेत हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला ही अक्षरं येतात, आणि पुण्याच्या आत्येनं पाठवलेली मासिकं वाचून माझी भाषा बिघडली असं तुमचं ठाम मत. "रुक्कू, बोलतेस की बातम्या देतेस?" म्हणायचात. असो. मी वाचून दाखवलं असतं. तुम्ही दुसऱ्याच वाक्याला मला थांबवून भांडण काढलं असतंत.

मी आपल्या डायलिसिस सेंटरमध्ये आले ती फोन उचलायला. पेशंटचे फोन घ्यायचे, तुमच्या प्रोग्राममधून निघालेली यादी बघायची आणि सांगायचं, मंगळवारी दुसरी पाळी, चार नंबर मशीन. बारा मशीन, दिवसाला तीन पाळ्या, आणि पापनाशमपासून तिरुवैयारुपर्यंतची माणसं, कोणी रेल्वेनं, कोणी टाउन बसनं येणारी. कोणाला कधी कुठे बसवायचं ते सगळं तुमचा प्रोग्राम ठरवायचा. तो तुम्ही एकट्यानं लिहिला होता हे कळलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. मी तुम्हाला ओळखत होते ते टायपिंग इन्स्टिट्यूटचे अण्णा म्हणून. माझ्या दोन्ही मावश्या तुमच्या हाताखाली पास झालेल्या. टाइपरायटर बंद पडले, तसं तुम्ही मुखपृष्ठ फाटलेलं एक जुनं पुस्तक घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलात आणि शिकलात. कोणी शिकवलं नाही, कोणी विचारलं नाही.

मला मात्र तुम्ही शिकवलंत. कसं, ते आता कोणाला सांगितलं तर हसतील. घरून पल्लांगुळीचा पट आणलात, चौदा खळग्यांचा, चिंचोक्यांनी खेळतात तो. दोन खळग्यांवर चिकटपट्टी लावलीत. राहिले बारा खळगे, ते बारा मशीन. चिंचोके म्हणजे पेशंट. "आता तू मशीन. मी सांगतो ते कर, आणि तेवढंच कर." मी आपली समजून उमजून एखादा चिंचोका पुढे सरकवायची, की तुमची टेबलावर थाप पडायची. "मी सांगितलं का? मशीनला अक्कल नसते. तुझी तिला उसनी देऊ नको!" दोन महिने मी जेवणाच्या सुट्टीत मशीन होते. तिसऱ्या महिन्यात तुम्ही म्हणालात, आता उलट, मी मशीन. आणि मी सांगितलेला प्रत्येक शब्द तुम्ही इतका अक्षरशः पाळलात की निम्मे चिंचोके जमिनीवर गेले. अय्यो, काय छळलंत मला! पण त्यानंतर मी आयुष्यात कधी अर्धवट सूचना दिली नाही, स्वतःच्या मुलीलासुद्धा.

मग जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. नवीन कॉम्प्युटरवर तुमच्या प्रोग्रामची जुनी भाषा चालेना. मीच म्हटलं, मी पायथन शिकते, सगळं त्यात नव्यानं लिहिते. तुमच्यासारखंच, आपलं आपण. बसमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघायची, ऑफिसात आल्यावर करून बघायची, चुकायची, पुन्हा बघायची. अडतिसाव्या वर्षी नवी भाषा शिकायची म्हणजे काय, ते मी कोणाला सांगत नव्हते. कालची गोष्ट आज आठवायची नाही. मुलीच्या वयाचा कोणी तरी व्हिडिओत म्हणायचा, हे तर सोप्पं आहे, आणि मला मोबाइल खिडकीतून फेकावासा वाटायचा.

तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसायचात. एकदा म्हणालात, "इथे ओळीच्या आधी मोकळी जागा का सोडलीस?" मी सांगितलं, या भाषेत मोकळी जागा चुकली तर प्रोग्रामच चालत नाही. तुम्ही चष्मा काढून पुसलात. "टायपिंगच्या परीक्षेत तसंच होतं. मज आवडेल ही भाषा." पण तिच्यात तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. मी हट्ट केला तर म्हणायचात, दोघांनी जुनीला सोडलं तर जुनीकडे कोण बघणार.

आणि ते शून्याचं भांडण! पायथन शून्यापासून मोजते हे ऐकून तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पहिल्या खळग्याला शून्य? पापनाशमच्या आजीला तोंडावर सांगशील, तुमचा नंबर शून्य?" मी म्हटलं, ते आतल्या आत असतं, आजीला कोण सांगतंय. मग पहिल्याच चाचणीत माझी सगळी माणसं एकेक मशीन पुढे सरकली, आणि बारा नंबर मागितला की प्रोग्राम तोंडावर आपटायचा. तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. नर्स स्टेला सिस्टर धावत आल्या, अण्णांना काय झालं म्हणून. त्या दिवशी मला फार राग आला होता. आता तोच दिवस पुन्हा पुन्हा आठवतो, आणि दर वेळी मी तुम्हाला अजून थोडं हसू देते.

तर सात नंबर.

तुमचा प्रोग्राम ओळीनं वाचताना मला ते दिसलं. बुधवार आणि शनिवार, पहिली पाळी, सात नंबर मशीन, कोणालाही देऊ नये. अकरा नंबर बिघाड झाला तर म्हणून राखीव, बारा नंबर कावीळवाल्यांसाठी वेगळं, ते समजलं. सात का? बाजूला तुमची टीप होती. तुम्ही टिपा इंग्रजी अक्षरांत पण आपल्या घरच्या मराठीत लिहायचात, म्हणजे ऑफिसात माझ्याशिवाय कोणाला समजू नये. "हे काढू नको." बस्स, एवढंच.

मी विचारलं. तुम्ही म्हणालात, असो दे. मी दुसऱ्या दिवशी विचारलं. असो दे. मी म्हटलं, अण्णा, तिरुवैयारुच्या टीचर आठवड्यातून दोनदा त्रिचीला जातात डायलिसिसला, त्यांचे यजमान मला दर आठ दिवसांनी फोन करतात, आणि इथे बरोब्बर दोन पाळ्या रिकाम्या पडून आहेत! तुम्ही डबा उघडलात आणि जेवायला लागलात. मला वाटलं, झालं, म्हातारपण. सात आकड्याचं काही तरी खूळ असेल. मग मी तुम्हाला न विचारता रिपोर्ट लिहिला. मॅनेजर साहेब गेल्या वर्षीच आलेले, कुठलं मशीन किती वेळ रिकामं असतं याचा त्यांना भारी ध्यास. मी लिहिलं, सात नंबर बुधवार-शनिवार वाया जातंय. साहेब खूश. मी टीचरच्या यजमानांना फोन करून सांगितलंसुद्धा, नवा प्रोग्राम आला की तुमचं इथे होईल. ते फोनवर आभार मानत "नंद्री अम्मा, नंद्री" म्हणत राहिले.

तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पाचव्या दिवशी म्हणालात, "रिपोर्टाआधी मज विचारायचंस."

"विचारलं की! तुम्ही सांगितलं का?"

"असो दे."

या 'असो दे'वर मी इतकी चिडले की बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुम्हाला तुमची जुनी भाषा सुटत नाही, म्हणून माझ्या नव्या प्रोग्राममध्ये तुमचा एक खिळा ठोकून ठेवायचाय. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्यानंतर आपण बोललो ते कामापुरतं, आणि तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य होतं, "माउसची बॅटरी बदल." बदलली. अजून चालतेय ती.

तुम्ही गेल्यावर पहिले दोन दिवस मी रडले. तिसऱ्या दिवशी तो प्रश्न डोक्यात पुन्हा फिरायला लागला आणि थांबेचना. पोळी लाटताना सात नंबर, बसमध्ये सात नंबर. माझ्या प्रोग्राममधून ती अट मी काढली होती, चाचण्या व्यवस्थित होत होत्या, तरी जीव टांगणीला. शेवटी वैनीकडे गेले. लाज सोडून विचारलं, अण्णा कधी सात नंबरबद्दल काही बोलले का हो?

वैनी रडून रडून थकलेल्या, पण एवढं ऐकून उसळल्याच. "मज विचारतेस? त्या माणसानं मज कधी काय सांगितलं? बुधवारी पहाटे उठून जायचे, का म्हणून विचारलं तर काम. घरी लग्नाच्या पिवळ्या पिशव्या यायच्या, आत नारळ. कोणाचं लग्न? असो दे. नऊ वर्षं लग्नाचे नारळ खवतेय मी, एका लग्नाला नेलं नाही मज!" आणि मग स्वतःच हसल्या आणि पुन्हा रडल्या. मी कॉफी पिऊन परत आले, हात हलवत.

शनिवारी मी नव्या प्रोग्रामची छापील यादी नर्सच्या टेबलावर ठेवली, सोमवारपासूनची. पाच मिनिटांत स्टेला सिस्टर ती यादी घेऊन माझ्यापुढे. तमिळमध्ये म्हणाल्या, "रुक्कू, बुधवारी सात नंबरवर हे कोणाचं नाव?"

"टीचरचं."

"मग चुकलेले कुठे बसतील?"

"कोण चुकलेले?"

त्यांनी खुर्ची ओढली. मला वाटतं त्यांना आधी खरंच वाटेना की मला माहीत नाही. चुकलेले म्हणजे ज्यांची पाळी चुकली ते. भाताच्या लावणीत अडकलेले, लग्नमुहूर्ताचं काम सोडता न आलेले, घरात कोणी गेलेलं. दोन पाळ्यांच्या मधे अंग सुजतं, धाप लागते, पण ओरडा बसेल म्हणून फोन करत नाहीत. बुधवारी नाही तर शनिवारी पहाटे येऊन दाराशी चपला काढून उभे राहतात. तुम्ही त्यांना घेऊन आत यायचात, डॉक्टर तपासायचे, आणि सात नंबर रिकामाच असायचा. मी नऊला येते. पहिली पाळी सहाला सुरू होते. त्या तीन तासांत इथे काय चालतं, ते मी नऊ वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. यादीत जे असेल तेच माझ्यासाठी खरं.

"सगळ्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्यांना. वॉचमनलासुद्धा."

"मग मला का नाही सांगितलं?"

सिस्टर जरा घुटमळल्या. "अण्णा म्हणाले, तिला सांगू नका. तिला खोटं बोलता येत नाही. साहेबांनी विचारलं तर ती तोंड उघडायच्या आधी तिचा चेहरा सगळं सांगून मोकळा होईल. उगाच तिच्या नोकरीवर यायचं."

अण्णा, मला तुमचा इतका राग आला. आणि तेव्हाच असं वाटलं की कोणी तरी डोक्यावरून हात फिरवला. दोन्ही एकदम आलं तर माणसानं करायचं काय? मी उठून बेसिनवर तीनदा हात धुतले. सिस्टर बिचाऱ्या टॉवेल घेऊन उभ्या.

त्यांच्याकडे रजिस्टर होतं, हातानं लिहिलेलं. पाळी चुकून आलेल्या प्रत्येकाचं नाव, वार, डॉक्टरची सही. ते कॉम्प्युटरमध्ये कधी आलंच नाही, म्हणून माझ्या रिपोर्टात सात नंबर रिकामा दिसत होता. रविवारी मी मुलीला बरोबर घेऊन ऑफिसात आले. ती नावं वाचून दाखवायची, मी टाइप करायची. जवळजवळ एकही बुधवार कोरा नव्हता. मुलीला मराठी समजतं पण बोलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. वाचता वाचता तमिळमध्येच म्हणाली, "अम्मा, तू यांना वाया म्हणालीस?" मी म्हटलं, पुढचं नाव वाच.

सात नंबरची अट परत घातली. मग टीचर राहिल्या. शब्द दिलेला मी, आणि तो मोडायचा म्हणजे त्या माणसाला पुन्हा फोन करायचा. पण अण्णा, ऐका आता. मी प्रोग्रामला सांगितलं, सगळ्यांच्या पाळ्या उलटसुलट करून बघ, जितक्या तऱ्हांनी बसतील तितक्या, आणि एका माणसाला जागा काढून दे. तुमच्या पल्लांगुळीसारखंच, फक्त चिंचोके हलवायला मी नाही. त्यानं उत्तर दिलं, तीन जण हलले तर मंगळवार-शुक्रवार तिसरी पाळी, चार नंबर मोकळं होतं. मी तिघांना फोन केले. पापनाशमच्या आजी म्हणाल्या, अगं मला सकाळचीच हवी होती, नातू शाळेत जाताना सोडेल, कोणी विचारलंच नाही. बाकीचे दोघेही तयार झाले. टीचर आल्या काल. तुमच्या प्रोग्रामला हे सात जन्मांत जमलं नसतं. आता बोला! कुठे गेली तुमची टेबलावरची थाप?

सोमवारी साहेबांकडे गेले. वाटेत ठरवत होते, मशीन बिघडलंय म्हणू, तंत्रज्ञ यायचाय म्हणू. दारात पोचले आणि कळलं, आपल्याला नाही जमणार. म्हटलं, "सर, माझा रिपोर्ट चुकला. सात नंबर रिकामा नसतो." आणि रजिस्टर पुढे ठेवलं. तुमच्यासमोर मी कधी एवढ्या सहज चूक कबूल केली नाही, हे लक्षात घ्या. साहेब पानं उलटत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अण्णांना माहीत होतं?"

"होय सर."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मलाही नाही सांगितलं, सर."

आम्ही दोघंही तुमच्यावर रुसून बसलो होतो म्हणा ना. मग ते म्हणाले, "सरी, ठीक आहे, राहू दे सात नंबर. पण यापुढे नावं प्रोग्राममध्ये पण लिहा." झालं. दहा मिनिटं. ज्याच्यावर तुम्ही नऊ वर्षं पहारा दिलात ते दहा मिनिटांत झालं. मला खोटं बोलता येत नाही म्हणालात ना? बोलावंच लागलं नाही. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं. तुम्ही म्हणाला असतात, नऊ वर्षांचं रजिस्टर होतं म्हणून झालं, पहिल्या वर्षी विचारलं असतं तर हाकललं असतं. तेही खरं असेल. मला ठाऊक नाही. यावर आपण आठवडाभर भांडलो असतो, आणि आता हे भांडण मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी करावं लागतंय. खिळा म्हटलं होतं ना मी? ते मागे घेते. कोणासमोर घेऊ, ते मात्र कळत नाही.

प्रोग्राममध्ये त्या अटीशेजारी तुमची टीप ठेवलीय, तशीच, आपल्या मराठीत. "हे काढू नको." खाली कारण लिहिलंय, सगळंच्या सगळं, तमिळमध्ये. माझ्यानंतर जो कोणी बसेल त्याला कोणाच्या घरी जाऊन वैनीला विचारायची वेळ नको.

आज बुधवार. मी पावणेसहालाच आले. दाराशी एक गृहस्थ उभे, चपला बाहेर काढलेल्या, पाय सुजलेले. स्टेला सिस्टरनी हळूच सांगितलं, हे लग्नांत नादस्वराबरोबर तविलचा ढोल वाजवतात. सोमवारी कुंभकोणमला मुहूर्त होता, पाळी चुकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

"अण्णा गेले म्हणे," ते म्हणाले.

"होय."

मग अगदी हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं, "मग सात नंबरही गेला का?"

"आहे," मी म्हटलं. "आत या."

डॉक्टरांनी तपासून त्यांना सात नंबरवर घेतलं, तेव्हा त्यांनी सिस्टरच्या हाती माझ्यासाठी पिशवी पाठवली. पिवळी, लग्नात पाहुण्यांना निघताना देतात ती, वर नवरानवरीची नावं छापलेली, आत नारळ. दर वेळी अण्णांना द्यायचो, म्हणाले. ती माझ्या टेबलावर आहे. आता निघते, वैनी पानं मांडून बसल्या असतील. नऊ वर्षं कोणाच्या लग्नाचे नारळ खवले, ते आज त्यांना मी सांगणार आहे, अण्णा. तुम्ही असो दे म्हणालात तरी.